वाटेवरचा गोड खाऊ : ओले आणि कोरडे

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागताना 'रोगांविषयी नको, खाण्यापिण्याविषयी काही लिहा' अशी सूचना केली. बालरोगतज्ज्ञाच्या बाबतीत या दोन विषयांत फारसे अंतर नसते, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. मी निवडलेला विषय असा : सहलीत, शिबिरात वा प्रवासात, भट्टी-ओव्हन तर दूरच, शक्यतो चूलही न पेटवता, भाज्यांपासून मुलांसाठी करावयाचा गोड खाऊ. विषय हलकाफुलका वाटेल. परंतु तो माझ्या वाट्यास आला तो माझ्याच एका अपराधातून. आणि आपल्यापैकी अनेकांना तो ऐकून ठाऊक असला तरी मी तो आजवर लिहून काढलेला नाही.

डिसेंबर २०११मधील गोष्ट. आपल्या मंडळाच्या सभासदांची आणि काही परिचितांची मिळून ४१ मुले घेऊन आम्ही बेळगावहून चंदगडमार्गे पारगडाच्या परिसरात दोन रात्रींच्या शिबिरास निघालो होतो. मुलांना बिस्किटे, चॉकलेटे आणि तळलेल्या वेफर्सऐवजी घरचे, भाजीचे, पौष्टिक असे काही द्यावे, हा माझा आग्रह. बैठकीत मी त्यावर लहानसे व्याख्यानही दिले होते. मग आदल्या रात्री हौसेने दुधी आणि खव्याच्या वड्या स्वतःच्या हाताने केल्या. मला स्वयंपाकाची आवड आहे आणि त्या आवडीचा थोडा गर्वही होता. मिश्रण शिजून परातीत थापले गेले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले असतील. अकराच्या सुमारास वड्या कापल्या आणि कोमट असतानाच दोन डब्यांत भरल्या. एक डबा मी भरला, दुसरा पत्नीने. माझ्या उजव्या तर्जनीला त्या आठवड्यात नखुरडे झाले होते. ठणका थांबला होता, म्हणून मी त्याकडे लक्ष दिले नाही. कोणी रुग्ण असे बोट घेऊन आला असता तर त्याला मी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नसते.

पहाटे पाचला गाडी निघाली. डबे मागच्या सामानात, उन्हाच्या बाजूला. दुपारी साडेबारा-एकच्या दरम्यान मुलांनी वड्या खाल्ल्या आणि तीन वाजता पहिल्या मुलाला उलटी झाली. गाडी लागली असेल, ऊन लागले असेल, अशी आम्ही एकमेकांची समजूत घातली. पाच वाजेपर्यंत सतरा मुले आडवी झाली होती. ताप कोणालाच नव्हता, जुलाब अगदी थोड्यांना. पण उलट्या अशा की पाण्याचा घोटही ठरत नव्हता. आम्ही तिघे डॉक्टर होतो. चमच्याने दर एक-दोन मिनिटांनी जलसंजीवनी, ज्यांना आवश्यक त्यांना ऑन्डान्सेट्रॉनची एक मात्रा, असे करीत सोळा मुले रात्री नऊपर्यंत सावरली. सतरावी, सात वर्षांची मुलगी, सावरली नाही. डोळे खोल गेलेले, त्वचेची चिमट सावकाश मिटणारी, हाक मारली तर 'हूं' एवढेच. कंदिलाच्या आणि दोन बॅटऱ्यांच्या उजेडात तिच्या हाताची शीर शोधून रिंगर लॅक्टेट सुरू केले. शीर तिसऱ्या प्रयत्नात मिळाली. मग बाटली एकाने हातात उंच धरून जीपने घाटवाटेने तिला शहरात आणले. त्या प्रवासात मी तिच्या उशाशी बसून होतो आणि माझे सारे लक्ष माझ्या स्वतःच्या तर्जनीकडे होते.

मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिछान्यावर उठून बसली. पण मला स्वस्थता नव्हती, म्हणून विद्यार्थिदशेत शिकलेले साथरोगशास्त्र वहीवर मांडले. आठ मुलांना दुधी आवडत नसल्याने त्यांनी वडी खाल्लीच नव्हती. त्यांतील एकही आजारी नाही. पत्नीने भरलेल्या डब्यातून चौदा मुलांनी खाल्ली, आजारी शून्य. मी भरलेल्या डब्यातून एकोणीस जणांनी खाल्ली, आजारी सतरा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याने मी स्वतः वडी चाखलीही नव्हती. नखुरड्याचा आणि उरलेल्या वडीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. दोन्हींत स्टॅफिलोकॉकस ऑरियस मिळाला. वैद्यकीय वाचकांना पुढचे सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच की, हा जंतू त्वचेवर, नाकात आणि पू झालेल्या जखमेत राहतो. दूध-खव्याच्या, ओलसर, कोमट पदार्थात त्याला काही तास मिळाले की तो एक विष तयार करतो. ते विष उकळूनही जात नाही. पदार्थाचा वास, रंग वा चव यांत काहीच फरक पडत नाही. वड्या उत्तम झाल्या होत्या, असे मुलांनी मला नंतरही सांगितले.

पालकांची सभा बोलावून मी सर्व आकड्यांसह हे सांगितले. कोणी रागावले, कोणी समजून घेतले. त्या मुलीची आजी कोपऱ्यात बसली होती. ती एवढेच म्हणाली, "डॉक्टर, वाटेवर वलं न्हेत नाहीत हो. आम्ही घारगे न्हेतो." तिच्या त्या एका वाक्यात अन्नसंरक्षणशास्त्राचा एक अख्खा धडा आहे, हे ओळखायला मला पुढचे काही महिने लागले.

आपल्याकडचा प्रवासाचा परंपरागत खाऊ आठवून पाहा. लाल भोपळ्याचे घारगे, दशम्या, गूळपापडी, मेथीचे लाडू, तिळाच्या वड्या आणि आपल्या शेजारच्या गोकाकचे करदंट. करदंटात गूळ, डिंक, सुके खोबरे आणि सुकामेवा असतो. पाणी जवळजवळ नसते, आणि म्हणून ते आठवडेच्या आठवडे टिकते. जंतूंना वाढण्यासाठी अन्नातील एकूण पाणी नव्हे, तर मोकळे पाणी लागते. शास्त्रज्ञ ते शून्य ते एक या मापाने मोजतात. ताज्या भाजीत वा खव्याच्या ओल्या मिठाईत ते एकच्या जवळ असते. ०.८५च्या आसपास उतरल्यावर बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते, आणि चांगल्या भाजलेल्या कोरड्या पिठात ते ०.६च्याही खाली असते. घारग्यात भोपळा असतो खरा, पण तो गुळासह शिजतो, पिठात मुरतो आणि तेलात तळताना त्याचे बरेचसे पाणी उडून जाते. म्हणून घारगे पूर्ण निवल्यावर भरले तर दोन-तीन दिवस निभावतात. गरम भरले तर डब्याच्या झाकणाला वाफेचे थेंब धरतात आणि तेच थेंब सारी मेहनत पाण्यात घालतात.

यावरून मी एक साधी पद्धत बसवली. २०१२पासून, कोविडमुळे २०२० आणि २०२१ साली शिबिरे झाली नाहीत ती वगळता, आम्ही तीच वापरतो. घरून न्यायचे ते फक्त कोरडे. भाजी न्यायची ती अख्खी, न सोललेली, न चिरलेली. दोहोंची गाठ खाण्याच्या अर्धा तास आधी, तळावर घालायची. झालेला पदार्थ दोन तासांत संपवायचा, ऊन कडक असेल तर तासाभरात. खवा, दूध, साय, ताजे खोबरे यांना गाडीत जागा नाही.

कोरड्या सामानाची तयारी आदल्या आठवड्यात निवांत होते. पंढरपुरी डाळ्यांचे पीठ, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, मंद आचेवर भाजून कुटलेले तीळ, किसून भाजलेले सुके खोबरे, कढईत कुरकुरीत केलेल्या पातळ पोह्यांचे पीठ, वेलदोड्याची पूड, किसलेला गूळ आणि लहान बरणीत साजूक तूप. शेंगदाण्यांबाबत एक सूचना : खवट, सुरकुतलेला वा बुरशीचा डाग असलेला दाणा निवडून फेकून द्यावा. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन भाजण्याने पुरतेपणी नष्ट होत नाही. कुटाला प्राधान्य देण्याचे दुसरे कारण आमच्या व्यवसायातले. अख्खा शेंगदाणा आणि कच्च्या गाजराचा कडक तुकडा चार-पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत जाऊन बसतो. दुर्बिणीने काढलेले असे दाणे आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्रांकडे बाटलीत जपून ठेवलेले मी पाहिले आहेत.

आता प्रत्यक्ष कृती. आमच्या शिबिरात सर्वाधिक खपतात ते गाजराचे लाडू. २५० ग्रॅम गाजरे बारीक किसणीवर किसून स्वच्छ पंचात हलके पिळावीत. पिळलेला रस करणाऱ्याने तिथेच पिऊन टाकावा; तो त्याचा मान. किसात ८० ग्रॅम गूळ आणि दोन चहाचे चमचे तूप घालून पाच मिनिटे थांबावे. गूळ गाजराला पाणी सोडायला लावतो आणि स्वतः विरघळतो. मग १०० ग्रॅम डाळ्यांचे पीठ, १०० ग्रॅम दाण्याचे कूट, ७५ ग्रॅम सुके खोबरे आणि वेलदोडा घालून कालवावे. प्रथम मिश्रण सैल वाटते आणि मुले आणखी पीठ मागू लागतात. देऊ नये. दहा मिनिटांत पीठ ओल पिऊन घेते आणि लाडू बांधण्याजोगा गोळा आपोआप होतो. यात वीस लहान लाडू होतात. एका लाडवात सुमारे चार ग्रॅम गूळ आणि दोन ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने पडतात.

तूप चवीसाठी आहे हे खरे, पण तेवढ्यासाठीच नाही. गाजरातील बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, ते स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते. आणि बारीक किसल्याने भाजीच्या पेशी फुटून ते अधिक मोकळे होते. दोन चमच्यांत वीस लाडवांचे काम भागते. गुळाविषयी मात्र भाबडेपणा नको. गूळ म्हणजे औषध आणि साखर म्हणजे विष, अशी वाटणी आपल्या समाजात लोकप्रिय आहे. शरीराच्या हिशेबी दोन्ही साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या व तत्सम मोकळ्या शर्करांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, आणि ५ टक्क्यांखाली राहिली तर अधिक चांगले. दिवसाला १७०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी हे अनुक्रमे सुमारे ४२ आणि २१ ग्रॅम होतात. दोन लाडवांचे आठ ग्रॅम त्यात सहज बसतात. सहा लाडू खाणाऱ्याचा हिशेब वाचकांनी करावा. असा एक मुलगा दरवर्षी असतोच.

दुसरा प्रकार बिटाचा. १५० ग्रॅम बीट किसून पिळावे, बिया काढलेला २०० ग्रॅम मऊ खजूर हाताने कुस्करावा, १०० ग्रॅम भाजलेल्या पोह्यांचे पीठ आणि ७५ ग्रॅम तिळाचे कूट घालून एकत्र करावे. गूळ लागत नाही. हाताला तेवढे तूप लावून सुपारीएवढ्या गोळ्या वळाव्यात आणि उरलेल्या तिळात घोळवाव्यात. रंग इतका सुरेख येतो की बिटाचे नाव काढल्यावर तोंड फिरवणारी मुलेही हात पुढे करतात. खजूर दातांना चिकटतो, म्हणून यानंतर खळखळून चूळ भरण्याची शिस्त आम्ही ठेवली आहे.

तिसऱ्याला निखारा लागतो, पण तो रात्रीच्या शेकोटीत असतोच. आपला बेळगाव-खानापूरचा पट्टा आणि शेजारचे चंदगड हे रताळ्यांचे आगर. आमच्या मुलांना मात्र रताळे उपवासापुरतेच ठाऊक. शेकोटीची धग ओसरल्यावर राखेत अख्खी रताळी पुरून तासभर विसरून जावे. ही मंद उष्णता फार महत्त्वाची. रताळ्यात स्टार्चचे माल्टोज या साखरेत रूपांतर करणारे एक विकर असते. ते साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोमाने काम करते आणि त्यापुढे निकामी होते. जाळावर घाईने भाजलेले रताळे या टप्प्यातून भरकन पुढे निघून जाते आणि पिठूळ राहते. राखेतले रेंगाळते आणि मधासारखे होते. साल काढून, गर चमच्याने मोडून, त्यावर तिळाचे कूट आणि चिमूटभर मीठ. वरून गोड काहीही घालावे लागत नाही. मात्र हे गरम गरमच खावे. भाजलेली रताळी सकाळसाठी झाकून ठेवू नयेत. आपल्याकडचे लाल सालीचे, पांढऱ्या गराचे रताळे चवीला उत्तम असले तरी त्यात बीटा-कॅरोटीन नगण्य असते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने 'भू सोना' हे नारिंगी गराचे वाण दिले आहे. आपल्या शेतकरी बंधूंनी त्याचा थोडासा जरी वाफा केला तर बालरोगतज्ज्ञ त्यांचे ऋणी राहतील.

दुधीचा विषय टाळता येत नाही. कच्च्या दुधीचे गोड पदार्थ सुचवणारे अनेक जण भेटतात. माझा स्पष्ट नकार असतो, आणि तो जुन्या जखमेमुळे नव्हे. काही दुधी कडू निघतात. त्यांतील क्युकर्बिटासिन तीव्र उलट्या, रक्तस्राव आणि रक्तदाब कोसळणे इथवर नेऊ शकते, आणि ते शिजवूनही जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही दुधीचा कडू रस मुळीच पिऊ नये असे बजावले आहे. गोडात कडूपणा झाकला जातो, हा यातला खरा धोका. घरीसुद्धा दुधीची चकती आधी जिभेला लावून पाहावी; कडू लागली तर थुंकून सगळा दुधी टाकून द्यावा.

कच्ची भाजी म्हटली की माझ्या मनात आणखी एक भीती असते. मातीत वाढणाऱ्या मुळांवर जंतांची अंडी असतात. विशेषतः टीनिया सोलियम या पट्टकृमीची. ती पोटात गेली तर मेंदूत गाठ होऊन झटके येऊ शकतात. असे झटके आलेली पूर्ण शाकाहारी घरांतील मुले मी तपासली आहेत, आणि 'आम्ही तर मांस शिवतही नाही' हे त्यांच्या पालकांचे आश्चर्य ऐकले आहे. म्हणून गाजर-बीट वाहत्या पाण्यात ब्रशने घासायचे, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचे, मग जाड साल काढायची आणि उकळून गार केलेल्या पाण्याने पुन्हा धुवायचे. एवढ्यासाठी एक स्टोव्ह आणि एक पातेले आम्ही नेतोच. लेखाच्या प्रारंभी 'चूलही न पेटवता' म्हणालो त्याला एवढा अपवाद वाचकांनी मान्य करावा.

आणि हात. लाडू वळणे हा मुलांचा आवडता भाग असल्याने तो त्यांच्याकडून काढून घेणे मला क्रूरपणाचे वाटते. त्याआधी सर्वांची रांग लावून हातांची तपासणी होते. नखे कापलेली, साबणाने वीस सेकंद धुतलेले हात. ज्याच्या हातावर फोड, कापलेले, खरूज वा पट्टी असेल त्याने किसणी, परात यांना स्पर्श करायचा नाही. त्याला वजनकाटा आणि हिशेबाची वही मिळते. पहिली काही वर्षे ही तपासणी मी करीत असे. पुढे ते काम त्या मुलीकडे गेले, जिला आम्ही जीपमधून आणले होते. ती रांगेची सुरुवात माझ्यापासून करते आणि उजवी तर्जनी उलटसुलट करून पाहते. दोन वर्षांपूर्वी बागकामात खरचटल्याने तिने मला बाद ठरवले, तेव्हा मी मुकाट्याने वजनकाट्यापाशी जाऊन बसलो.

पालकांसाठी आणखी काही फुटकळ गोष्टी. एक वर्षाखालील भावंड बरोबर असेल तर त्याला कोणत्याही पदार्थातून मध चाटवू नये. त्या वयात बोट्युलिझमचा धोका असतो. शिबिरात टाइप-१ मधुमेहाचे मूल असेल तर त्याला बाजूला बसवू नये; लाडवातील पिठाचा, गुळाचा हिशेब करून इन्सुलिनसह त्याला खाऊ देता येतो, आणि म्हणूनच आम्ही वजनासह कृती लिहून ठेवतो. मात्र त्याची रक्तशर्करा अचानक उतरली तर लाडू देऊ नये. दाण्याच्या आणि तुपाच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तेव्हा पाण्यात तीन चमचे साखर वा ग्लुकोज, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ज्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्याचे लाडू वेगळ्या परातीत नव्हे, तर त्या दिवशी सर्वांचेच लाडू दाण्याविना, तिळाचे करतो. अर्थात तिळाचीही अॅलर्जी असू शकते, म्हणून नोंदणी अर्जातच दोन्ही विचारून घेतो.

उरलेले लाडू परतीच्या गाडीत चढत नाहीत, हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. 'डॉक्टर, टाकायचे कसे? अन्न आहे ते,' असे प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणते, आणि तो संस्कार चुकीचा आहे असे मी कसे म्हणू? म्हणून आता आम्ही कमीच करतो. माणशी दोन लाडवांचा अंदाज धरून कोरडे मिश्रण वजन करून वेगवेगळ्या पिशव्यांत भरतो. लागेल तेवढीच पिशवी फोडायची. न फोडलेली घरी परत येते आणि आठवडाभर कोणाच्या तरी डब्यात चालते.

शिबिर संपल्यावर त्या रात्री मी दूरध्वनी जवळ ठेवून झोपतो. साधारण अकराच्या सुमारास एखाद्या आईचा आवाज येतोच : "डॉक्टर, मुलाला लघवीतून रक्त जातंय." मी विचारतो, बिटाच्या गोळ्या किती खाल्ल्या? पाच-सहा, असे उत्तर येते. काही व्यक्तींमध्ये बिटाचा रंग तसाच लघवीत उतरतो. दुखत नसेल, जळजळ वा ताप नसेल तर दोन दिवस बीट न देता वाट पाहावी, रंग आपोआप जातो. नाहीच गेला तर लघवी तपासून घ्यावी. मात्र ज्यांच्या शरीरात लोह कमी आहे त्यांच्यात हा प्रकार अधिक आढळतो. म्हणून त्या मातेला मी पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन यायला सांगतो, आणि आल्यावर आधी त्याच्या पापण्या खाली ओढून पाहतो.